दहावर धरलेली टेप

मी सुतार आहे. तीस वर्षांत माझं एकही दार घासलं नाही आणि एकही कपाट डुगडुगलं नाही. हे मीच सांगतोय, कारण गिऱ्हाइकं सांगत नाहीत. दार नीट लागलं की त्यांना वाटतं, दारं अशीच असतात. घासलं की मात्र लगेच फोन. मला तसा फोन आजवर आलेला नाही. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, तू नंबर बदललास आणि कुणाला कळवलं नाहीस म्हणून." त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. तो वर्कशॉपमध्ये माझा भागीदार आहे, आणि भागीदाराला एवढी सूट द्यावीच लागते.

आमच्या अचूकपणाचं एक साधं कारण आहे. मोजायच्या टेपेला टोकाशी पत्र्याचा हूक असतो. वापरून वापरून तो ढिला होतो, दोनतीन मिलिमीटर मागेपुढे हलतो. म्हणून आम्ही टोकाला हात लावत नाही. एकानं टेपेवरची दहा सेंटिमीटरची खूण कडेला लावून धरायची, दुसऱ्यानं पलीकडे आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे. मी आणि धाकटा हे इतकी वर्षं करतोय की बोलतसुद्धा नाही. तो दहावर धरतो, मी वजा करतो, माप तयार. सूतभरही इकडेतिकडे नाही.

एवढी बढाई आधीच मारून घेतली, कारण पुढे तशी संधी मिळणार नाही.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. उंची सहा फूट एक इंच. मी जगभरच्या लोकांच्या दारांच्या चौकटी केल्या, पण स्वतःच्या घरात पोर वाकून ये-जा करते. तिला सगळे शिडी म्हणतात. नाव धाकट्यानं ठेवलं, ती दहा वर्षांची असताना, आणि ती चिडेल म्हणून मी त्याला दटावलं. ती चिडली नाही. "शिडी उपयोगाची असते काका," म्हणाली, आणि वर्कशॉपच्या माळ्यावर चढून त्याची टोपी तिथे ठेवून आली.

त्याच वर्षी शाळेत तिनं पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतला आणि घरी आली ती वेड लागल्यासारखी. जेवताना डाव्या हातानं पाण्याची बाटली आपटायची. शेवटी मीच म्हटलं, वर्कशॉपमागे आवार रिकामं पडलंय, तिथे रिंग लावून टाकू. सागाच्या फळ्या जोडून बोर्ड केला, लोहाराकडून रिंग करून आणली, आणि एका शनिवारी मी आणि धाकट्यानं ती भिंतीवर बसवली. जमिनीपासून तीन मीटर पाच सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी फ्री थ्रोची रेघ मारली. बोर्डाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खूण केली, आणि तिथून चार मीटर साठवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ. पुस्तकात असं आहे, आणि मी पुस्तक वाचून काम करतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपला खेळाडू बास्केट करायला उडी मारतो आणि समोरच्यानं त्याला धक्का दिला, तर त्याला बहुतेक वेळा दोन फ्री थ्रो मिळतात. त्या रेघेमागे उभं राहायचं, कुणी अडवणार नाही, कुणी अंगावर येणार नाही, आपण आणि रिंग. सगळ्या खेळात यापेक्षा सोपं काही नाही. आणि आमच्या शिडीला नेमकं तेच जमत नव्हतं.

म्हणजे घरी जमत होतं. रोज सकाळी दोनशे थ्रो. मी वर्कशॉप उघडायचो तेव्हा मागून आवाज यायचा, चेंडू दोनदा जमिनीवर, मग एक क्षण काहीच नाही, मग जाळीचा सळकन आवाज. पुन्हा दोनदा, पुन्हा सळकन. दहातले नऊ जायचे. मी त्या आवाजावर रंधा मारायचो. माझ्या तोंडावर काही दिसत नसे, पण आतून मी फुगून जायचो.

कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षात संघाची नायिका झाली. धावत, उड्या मारत, दोघींच्या मधून वाट काढत, कुठूनही टाकला तरी चेंडू आत. लोक तिच्यासाठी मॅच बघायला यायला लागले. दातांचे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्याची कपाटं मी केली, तेसुद्धा आपला दवाखाना बंद ठेवून यायचे, आणि दाढ दुखणारे पेशंट त्यांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. पण फ्री थ्रोच्या रेघेवर उभी राहिली की दहातले चार. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा आणि तिच्याचकडे परत यायचा.

मग समोरच्या संघांनाही हे कळलं. अटीतटीची वेळ आली की ते मुद्दाम तिलाच धक्का द्यायचे. द्या हिला दोन थ्रो, चुकवेलच. आणि पोर चुकवायची. मग घरी येऊन दुसऱ्या दिवशी दोनशेच्या जागी तीनशे टाकायची, तीनशेतले पावणेतीनशे आत जायचे, आणि पुढच्या मॅचला पुन्हा तेच. मी गॅलरीत बसून बोटं मोडायचो.

सगळ्यांनी सल्ले दिले. डॉक्टर म्हणाले, ती दात आवळते. धाकटा म्हणाला, केस बांधायची पद्धत बदल. कोचबाई म्हणाल्या, मनात भीती बसली आहे, आणि तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. त्यानं एवढंच झालं की ती चुकायच्या आधी जरा जास्त वेळ घ्यायला लागली.

कॉलेजांच्या स्पर्धेची अंतिम मॅच त्या रविवारी होती. विद्यापीठाच्या संघाचे निवडकर्ते येणार होते. तिथे नाव लागलं की पुढची वाट मोकळी: चांगलं प्रशिक्षण, देशभर सामने. शिडीला आयुष्यात दुसरं काही नको होतं. मंगळवारी दुपारी कोचबाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. बुटक्या, कडक, गळ्यात शिट्टी. भुशात बूट माखणार नाहीत अशा बेतानं एका फळीवर उभ्या राहिल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"हे बघा, तुमची मुलगी माझी सगळ्यात चांगली खेळाडू आहे. पण शेवटच्या पाच मिनिटांत मी तिला बाहेर बसवणार आहे."

"फायनलमध्ये?"

"फायनलमध्येच. ते तिलाच धक्के देणार, ती चुकवणार, आणि बाकीच्या मुलींची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार. मला अकराजणींचा विचार करायचाय."

"अहो, पण निवडकर्ते तेच तर बघणार! शेवटच्या पाच मिनिटांत जी बाकावर बसते तिला कोण घेईल?"

"मला कळत नाही का ते?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "तिला मी काल सांगितलं. रडली नाही. 'बरोबर आहे मॅडम' म्हणाली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं."

मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मी बाईंना मागच्या आवारात नेलं. शिडी तिथेच होती. मी म्हटलं, टाकून दाखव. तिनं वीस टाकले, एकोणीस आत. कोचबाईंनी गळ्यातली शिट्टी उगाच तोंडात धरली आणि काढली.

"मग मनाचंच आहे," त्या म्हणाल्या. "यावर माझ्याकडे औषध नाही."

बाई गेल्यावर शिडी चेंडूवर बसून राहिली. "बाबा, माझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे," ती म्हणाली. असं शांतपणे म्हणाली की मला वर्कशॉपमधलं सगळं लाकूड उचलून फेकावंसं वाटलं.

आता माझ्या बायकोची ओळख करून देतो, कारण सगळ्याचा उलगडा तिच्यामुळे झाला. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग टेबलावर असते. तिथे एक माप चुकलं की दोनशे बाह्या चुकतात, त्यामुळे तिचाही तोरा माझ्याहून कमी नाही. आमच्या घरात दोन टेपा आहेत, माझी लोखंडाची आणि तिची कापडाची, आणि दोघांनी एकमेकांच्या टेपेला हात लावायचा नाही असा बावीस वर्षांचा करार आहे.

बुधवारी संध्याकाळी शिडी कॉलेजात सरावाला गेली होती. पोर उन्हात करपते म्हणून बायकोनं आवारावर सावलीचं कापड शिवायचं ठरवलं आणि माप घ्यायला गेली. बोर्डाखालच्या खुणेपासून रेघेपर्यंत तिनं टेप टाकली. तिची टेप दीडशे सेंटिमीटरची. मी आत पॉलिश करत होतो.

"अहो," तिची हाक आली, "ही रेघ किती लांब आहे म्हणालात?"

"चार साठ."

"तीन टेपा बरोबर आल्या."

"मग?"

"मग काय! तीन टेपा म्हणजे साडेचार मीटर. वर दहा यायला हवे होते."

मी ब्रश ठेवलासुद्धा नाही. "कापडाची टेप ताणली जाते. जुनी झाली की आकडे लांब पडतात. फेकून दे ती."

"या टेपेवर गेल्या महिन्यात दोनशे बाह्या कापल्या. एकाही मुलाचा हात वीतभर बाहेर राहिला नाही."

"मुलांचे हात वाढतात, कुणाला कळतंय?"

"तुमचं तोंड वाढतंय तेवढं कळतंय," ती म्हणाली आणि आत निघून गेली. वाद तिनं जिंकला होता, पण ते कबूल करण्याएवढा मी म्हातारा झालेलो नाही.

ती गेल्यावर मात्र मी गुपचूप माझी टेप काढली. एकटाच होतो, म्हणून दहाच्या खुणेवर वीट ठेवली आणि रेघेपाशी जाऊन वाचलं. चार मीटर साठ! माझा जीव भांड्यात पडला. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग आठवलं की दहा वजा करायचेत.

साडेचार.

मी त्या विटेवरच बसलो. नऊ वर्षं माझी पोर दहा सेंटिमीटर पुढे उभी राहून थ्रो टाकत होती. धावताना ती नजरेनं अंदाज घेते, त्यामुळे कुठूनही टाकला तरी चुकत नाही. पण फ्री थ्रोला ती नजर वापरतच नाही. रेघेला बोटं भिडवायची, चेंडू दोनदा आपटायचा आणि हाताच्या सवयीनं सोडायचा. ती सवय माझ्या रेघेची होती. कॉलेजातली रेघ दहा सेंटिमीटर मागे, म्हणून चेंडू तेवढाच कमी पडायचा. आणि चुकली की घरी येऊन ती तीच चूक आणखी पक्की करायची. तिच्या डोक्यात बिघाड नव्हता. बिघाड माझ्या आवारात होता.

धाकट्याला विचारलं, "रेघ मारताना टेप तूच धरली होतीस ना?"

"मी? मी त्या दिवशी दाढ काढायला गेलो होतो. गाल सुजून भोपळा झाला होता, विसरलास? शिडीनं धरली असेल."

बरोबर. शिडीनं. दहा वर्षांची पोर, एवढ्याशा हातात टेपेचं टोक. म्हटलं होतं, लहान आहे, टोकच धरेल, खेळाच्या रेघेला दोनतीन मिलिमीटरनं काय होतंय. म्हणून मी सरळ चार साठ वाचलं, वजाबाकी केलीच नाही. नक्कीच तिच्या हातून टोक सुटलं असणार, सरकलं असणार. पोरीवर खापर फोडल्यावर मला जरा बरं वाटलं. हे लिहितानाही कान लाल होतायत, पण वाटलं खरं.

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तीस वर्षं सूतभरही न चुकणारा तुझा बाप तुझ्याच रेघेत चुकला? मी दुसरा मार्ग काढला. तारेच्या ब्रशनं जुनी रेघ खरवडली, जिथे तिच्या टाचांनी कोबा गुळगुळीत झाला होता तिथे सिमेंटचा पातळ हात मारला, आणि दहा सेंटिमीटर मागे नवी रेघ ओढली. ती घरी आल्यावर म्हटलं, रंग उडाला होता, नवा दिला. मला वाटलं, आता ती नकळत बरोबर जागेवरून टाकेल, चार दिवसांत हात बसेल, आणि माझं नाकही शाबूत राहील.

गुरुवारी सकाळी मी रंधा हातात घेऊन कान टवकारून बसलो. चेंडू दोनदा जमिनीवर. मग क्षणभर काही नाही. मग ठक्! पुढच्या कडेवर. पुन्हा दोनदा. पुन्हा ठक्. वीस मिनिटांत सळकन आवाज मोजून पाच वेळा आला. मी म्हटलं, बसेल, हात बसेल. शुक्रवारी सकाळी नुसती ठकठक. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. "सुतारपक्षी आणलास का रे?" म्हणाला. मी रंधा आणखी जोरात मारायला लागलो.

मग ठकठकही थांबली.

दुपारी शिडी वर्कशॉपमध्ये आली आणि दारात वाकून उभी राहिली. चेंडू बगलेत नव्हता. ती नऊ वर्षांत माझ्यापुढे चेंडूशिवाय आलेली मला आठवत नाही.

"बाबा, मी मॅडमना सांगायला चाललेय. मी रविवारी खेळत नाही."

"का?"

"आता घरीसुद्धा जात नाहीत. इतके दिवस वाटायचं, निदान घरी तरी जातात. आता तेही गेलं." तिनं माळ्याच्या खांबाला कपाळ टेकलं. "मला वाटतं मला जमतच नाही. कधीच जमत नव्हतं."

माझ्या हातात पटाशी होती, ती मी खाली ठेवली. आयुष्यात मी पुष्कळ जड वस्तू उचलल्या आहेत, सागाची अख्खी दारं पाठीवरून तीन जिने वर नेली आहेत. पण ते वाक्य बाहेर काढताना जेवढा जोर लागला तेवढा कधी लागला नव्हता.

"रेघ चुकली होती," मी म्हटलं.

"कोणती रेघ?"

"तुझी. आपली. मागची. साडेचारवर मारली गेली होती. दहा सेंटिमीटर कमी. बुधवारी कळलं. मी परवा गुपचूप मागे सरकवली, म्हणून तुझे चुकतायत. तुझ्यात काही बिघाड नाही. नव्हताच."

मी घाईघाईनं पुढे बोललो, कारण गप्प बसणं शक्य नव्हतं. "तुझीही काही चूक नाही. तू दहा वर्षांची होतीस. टोक सुटलं असेल तुझ्या हातून. लहान हात..."

"टोक?" ती म्हणाली. "मी टोक धरलंच नव्हतं."

"मग?"

"दहावर धरलं होतं. तुम्ही काकांबरोबर करता तसं. नख लावून, खुणेच्या मध्यावर. चांगलं आठवतंय मला. नख दुखायला लागलं होतं, पण मी हललेसुद्धा नाही."

वर्कशॉपमध्ये धाकट्याची करवत चालू होती, ती थांबली.

"अगं, मग सांगितलं का नाहीस, दहावर धरलंय म्हणून?"

"तुम्ही तरी कुठे सांगता?" ती म्हणाली. "तुम्ही दोघं बोलतच नाही. मला वाटलं, हे बोलायचं नसतं."

मी स्टुलावर बसलो. म्हणजे पोरीनं काहीच चुकवलं नव्हतं. ती लहान आहे असं समजून मी टोकाचं माप वाचलं, आणि ती तिकडे दुसऱ्या टोकाला कसलेल्या सुतारासारखी दहावर नख रोवून बसली होती. माझं बघून शिकली होती आणि मी तिला साधं विचारलं नव्हतं, कुठे धरलंस म्हणून. मला एकदम इतकं भरून आलं की मी टेबलावरचा भुसा हातानं झाडायला लागलो. भुसा कधीच संपत नाही हे एक बरं असतं.

आणि शिडी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती खांबाला धरून हसत खालीच बसली. "म्हणजे मी दीर्घ श्वास घेत होते! केस उजवीकडे बांधले! मॅडमनी मला रोज रात्री झोपताना डोळे मिटून चेंडू आत जाताना बघायला सांगितलं होतं, बाबा, आणि मी दहा सेंटिमीटर अलीकडून बघत होते!"

"हसू नको," मी म्हटलं.

"हसू नको तर काय करू?" ती डोळे पुसत म्हणाली. "मला वाटत होतं मी भित्री आहे. मी तर फक्त सुताराची मुलगी आहे."

धाकटाही हसत होता. मला काय करावं कळेना, म्हणून मी दोघांवर ओरडलो आणि मग मीही हसलो.

त्या संध्याकाळी आणि अख्खा शनिवार तिनं नव्या रेघेवरून थ्रो टाकले. आता रोग कळला होता. हाताची सवय मोडणं सोपं नव्हतं, पण नजर वापरायला सुरुवात केली की हात ऐकायचा. टाकायच्या आधी ती पुटपुटायची, "दहा धर." आधी दहातले पाच गेले, मग सहा, शनिवारी संध्याकाळी आठ. बायको सावलीचं कापड बांधता बांधता प्रत्येक सळकन आवाजावर माझ्याकडे बघायची. तोंडानं एक शब्द नाही. तिची टेप मात्र तिनं तीन दिवस गळ्यात घालून ठेवली होती, स्वयंपाक करतानासुद्धा.

शनिवारीच शिडीनं कोचबाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी रेघेचं माप दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या बघू. पण एकदा जरी तेच सुरू झालं तरी मी बाहेर काढणार."

रविवारी हॉल भरला होता. आमच्या रांगेत मी, बायको, धाकटा, डॉक्टर आणि त्यांचे दोन पेशंट. निवडकर्ते समोर बसले होते, तिघंजण, मांडीवर कागद. शिडी पाऊण मॅच झकास खेळली. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा आमचा संघ दोन गुणांनी पुढे होता. कोचबाईंनी बाकाकडे बघितलं, मग शिडीकडे बघितलं, आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. पोर आतच राहिली.

आणि लगेच, ठरल्यासारखा, तिला धक्का बसला. दोन थ्रो.

तिनं रेघेला बोटं भिडवली, चेंडू दोनदा आपटला आणि सोडला. ठक्! पुढची कडा.

गर्दीतून "अरेरे" असा आवाज आला. कोचबाई बदली खेळाडूला उठवायला वळल्या. मी पाहिलं, पोरीचे खांदे कानांपर्यंत आले होते. घाईत जुना हातच पुढे आला होता. तेव्हा मी उभा राहिलो, का ते माझं मलाच ठाऊक नाही. साठीला आलेला माणूस, शर्टावर पॉलिशचा डाग, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "दहा वजा करायचे राहिले माझ्याकडून! माझी चूक! तू नीट धरलं होतंस!"

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता तेच माझे दात काढतील. बायकोनं माझा शर्ट ओढला. पण शिडीनं वळून बघितलं, आणि भर फायनलमध्ये, निवडकर्त्यांसमोर, ती फसकन हसली. तिचे खांदे खाली आले. तिनं रिंगकडे नजर लावली, ओठ हलले, आणि चेंडू गेला तो सळकन.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. समोरच्या संघाला वाटलं, एखादा जातोच. त्यांनी पुन्हा तिलाच धक्का दिला. दोन थ्रो, दोन्ही आत. पुन्हा धक्का, पुन्हा दोन. बिचारे जुन्या मापावर विसंबून होते. त्यांचे कोच डोक्याला हात लावून ओरडत होते, "तिला नको! तिला सोडून कुणालाही!" पण मुलींना वर्षभर शिकवलेलं पाच मिनिटांत कसं विसरणार? सवयीचा त्रास काय असतो ते मला विचारा. शेवटच्या पाच मिनिटांत शिडीनं दहा थ्रो टाकले, नऊ आत. आम्ही आठ गुणांनी जिंकलो. कोचबाईंनी शिट्टी वाजवली, जी प्रशिक्षकानं वाजवायची नसते, आणि पंचांनी त्यांना ताकीद दिली.

गुरुवारी यादी लागली आणि त्यात तिचं नाव होतं. घरात ओरडाआरडा झाला तो वेगळा सांगत नाही. दोन आठवड्यांनी ती सराव शिबिराला जाणार होती. जायच्या दिवशी सकाळी बॅग भरून ती वर्कशॉपमध्ये आली आणि माझ्या खिशातली टेप काढून घेतली.

"चला. रेघ मोजू."

"मोजलीये मी. बरोबर आहे."

"तुम्ही एकट्यानं मोजलीत. विटेबरोबर. विटेचा काय भरवसा?"

आम्ही मागे गेलो. बायकोनं शिवलेल्या कापडाची सावली आवारावर पडली होती. शिडी बोर्डाखालच्या खुणेपाशी गुडघ्यांवर बसली, सहा फूट एक इंचाची पोर अंग आखडून दहा वर्षांची असल्यासारखी. मी टेप ओढत रेघेपर्यंत गेलो. नऊ वर्षांपूर्वी इथेच उभा होतो, तिच्याकडे न बघता, हातात रंगाचा ब्रश घेऊन. या वेळी मी तिच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याचं नख खुणेच्या बरोबर मध्यावर रोवलेलं होतं आणि दाबून पांढरं पडलं होतं.

"कुठे धरलंस?" मी विचारलं.

"दहावर!" ती ओरडली.

"चार सत्तर!" मी ओरडलो.

मागून धाकट्यानं डोकं बाहेर काढलं. "ओरडताय कशाला एवढं? दोघं समोरासमोर आहात."

मी त्याला सांगितलं की आजपासून या वर्कशॉपमध्ये माप असंच घ्यायचं. मग टेप गुंडाळली आणि पोरीला उठायला हात दिला. तिला त्याची गरज नव्हती, पण तिनं धरला.